बारकी, अंगणातली माती आणि दिनदर्शिकेवरच्या लाल खुणा

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, त्याच आठवड्यात आमच्या कोठीच्या खोलीत एक भटकी मांजर व्याली. तिच्या तीन पिल्लांपैकी दोन धट्टीकट्टी होती आणि ती दोन महिन्यांत आपापल्या वाटेने निघून गेली. तिसरे मागे राहिले, आणि त्याला सासूबाईंनी बारकी असे नाव दिले. पिण्याचे पाणी तांब्याने मोजून घेण्याचे ते दिवस होते, धुण्याचे पाणी साठवून आम्ही झाडांना घालत होतो, पण बारकीची वाटी रोज भरलेली असे. आज ती दहाव्या वर्षात आहे. पहिली नऊ वर्षे तिने घरात एकदाही घाण केली नाही. दार उघडले की ती अंगणात जाई, कढीपत्त्याच्या झाडाखालची माती उकरी, काम उरकले की माती ओढून झाकून टाकी आणि मुकाट्याने परत येई.

२०२५ च्या जुलैमध्ये तिने दिवाणावर घडी घालून ठेवलेल्या वाकळेवर लघवी केली, तेव्हा आम्ही ते एका दिवसाचे चुकून झालेले समजलो. चार दिवसांनी तिने यजमानांच्या आडत दुकानाच्या हिशेबाच्या वह्या भिजवल्या, मग न्हाणीघराची फरशी, मग देवघराचा उंबरा. घरातल्या प्रत्येकाने याचा आपापला अर्थ लावला. यजमानांना वाटले की आपण तिला ओरडलो म्हणून ती सूड घेते आहे. सासूबाई म्हणाल्या, "मांजर म्हातारी झाली, आता तिला भान राहिलं नाही." मी एका रात्री तिला न्हाणीघरात कोंडून ठेवले. त्या रात्री ती दारापाशी बसून ओरडत राहिली, आणि सकाळी पाहिले तर तिने पाण्याला तोंडही लावलेले नव्हते. त्या रात्रीची मला आजही खंत आहे, कारण ज्या गोष्टीने ती आजारी पडली होती तीच गोष्ट मी आणखी वाढवली होती.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की आमच्याकडे घरात लघवी करणाऱ्या म्हाताऱ्या मांजरीला पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येणे हा उपाय लोक अगदी सहजपणे सुचवतात. दोन शेजारणींनी मला तो सुचवला, आणि त्या दोघीही स्वभावाने दुष्ट नाहीत. मांजर मुद्दाम करते, असे त्यांना मनापासून वाटते. मलाही पाच आठवडे तसेच वाटत होते.

सूड ही कल्पना आधी बाजूला ठेवली पाहिजे. मांजराला आपल्या वह्यांचे मोल कळत नाही, आणि आपण संतापतो ते नेमके कशासाठी, हेही तिला कळत नाही. जुन्या लघवीजवळ तिचे नाक नेऊन तिला मारले, तर माणूस जवळ आला की मार बसतो एवढेच ती शिकते, आणि मग माणसाच्या नजरेआड, कपाटामागे किंवा पलंगाखाली जागा शोधते. घरातली लघवी दोन प्रकारची असते, हेही मला उशिरा समजले. मांजर उभे राहून, शेपटी ताठ करून थरथरवत भिंतीवर किंवा दारावर थोडीशी पिचकारी मारते, ती हद्दीची खूण असते. ते खाली बसून आडव्या पृष्ठभागावर थारोळे करते, तेव्हा ते खरोखर लघवीलाच बसलेले असते आणि ठरलेल्या जागी जाणे त्याला कोणत्या तरी कारणाने नकोसे किंवा अशक्य झालेले असते. बारकी दुसऱ्या प्रकारात होती. पुढे थारोळ्याऐवजी थेंब दिसू लागले. ती दहा-दहा मिनिटांनी बसायची, जोर करायची, उठायची आणि पोट चाटत राहायची. पोटाखालचे केस जाऊन गुलाबी कातडी दिसू लागली होती. मला ती खरूज वाटली. न्हाणीघराच्या पांढऱ्या फरशीवर एका सकाळी फिकट लाल थेंब दिसले, तेव्हा मात्र आम्ही तिला दवाखान्यात नेले.

इथे एक गोष्ट मी विषय सोडून आधीच सांगून टाकते, कारण तिच्यात जीव वाचण्याचा प्रश्न आहे. बोका वारंवार लघवीला बसत असेल आणि लघवीचा थेंबही पडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो आणि तो खड्याने, बारीक स्फटिकांनी किंवा चिकट स्रावाने बंद होऊ शकतो. लघवी अडली की रक्तातले पोटॅशियम वाढत जाते आणि दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडू शकते. मांजरीत हे सहसा होत नाही, म्हणून आमच्याकडे वेळ होता. बोक्याच्या बाबतीत तो नसतो. दुसरे असे की वेदना दिसते म्हणून माणसांची पॅरासिटामॉलची गोळी कुणीही, कधीही मांजराला देऊ नये. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही आणि अर्धी गोळीसुद्धा प्राण घेऊ शकते.

पहिल्या दवाखान्यात लघवी न तपासता प्रतिजैविकाचे इंजेक्शन मिळाले. चार दिवसांत रक्त थांबले, आम्ही निश्चिंत झालो, आणि बाराव्या दिवशी सगळे पुन्हा सुरू झाले. तेव्हा आम्ही सुमारे ६५ किलोमीटर दूर उदगीरला, तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात गेलो. भाजीच्या जाळीदार प्लास्टिकच्या टोपलीत तिचाच जुना टॉवेल घातला होता, आणि वरून दुसरा टॉवेल झाकला होता. बाहेर देवणी बैल, कालवडी आणि शेळ्या घेऊन माणसे बसली होती. डॉक्टरांनी तिला त्या गर्दीत न ठेवता एका रिकाम्या खोलीत ठेवायला सांगितले, आणि तपासतानाही टॉवेल पूर्ण काढला नाही. तिची भीती हा तिच्या आजाराचाच भाग आहे, असे मानणारा माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला.

मांजराचे वय दहाच्या आसपास किंवा पुढे असेल तर ताण हे कारण सर्वांत शेवटी धरायचे असते, असे त्यांनी समजावून सांगितले. तरुण मांजरात लघवीच्या तक्रारीमागे बहुतेक वेळा ताणामुळे होणारा मूत्राशयदाह असतो. म्हाताऱ्या मांजरात मात्र मूत्रपिंडाचा जुनाट आजार, मधुमेह, थायरॉइडचे वाढलेले कार्य, जंतुसंसर्ग आणि सांधेदुखी ही सगळी कारणे आधी तपासून बाजूला ठेवावी लागतात. मूत्रपिंड थकले की लघवी पातळ आणि जास्त होते, मांजर जास्त पाणी पिते, आणि मग ते ठरलेल्या जागेपर्यंत पोहोचण्याआधीच लघवी होऊन जाऊ शकते. बारकीच्या पोटातून बारीक सुईने थेट मूत्राशयातली लघवी घेतली गेली, कारण जमिनीवरून गोळा केलेल्या लघवीत बाहेरचे जंतू मिसळतात. रक्त तपासले, एक्स-रे काढला. साखर ठीक होती, मूत्रपिंड वयाच्या मानाने चांगले होते, खडा नव्हता. लघवीत रक्तपेशी होत्या पण जंतू नव्हते. एक्स-रेमध्ये कमरेचे आणि मागच्या पायांचे सांधे झिजलेले दिसले.

सांध्यांचे ऐकून मला अपराधी वाटले, कारण ती गेल्या वर्षभरात ओट्यावर उडी मारत नव्हती आणि मी तिला शहाणी झाली असे म्हणत होते. बारा वर्षांपुढच्या १०० मांजरांच्या एक्स-रेचा अमेरिकेत अभ्यास झाला होता, त्यात ९० मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज आढळली. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही. ते फक्त एकेक गोष्ट करायचे सोडून देते, आणि आपण ते वयावर टाकून देतो.

जंतू नसताना रक्त का येते, हा प्रश्न मी विचारला. त्याचे उत्तर मी माझ्या शब्दांत लिहिते. मूत्राशयाच्या आतल्या भिंतीवर एक संरक्षक थर असतो. काही मांजरांत हा थर मुळात कमकुवत असतो, आणि ताणाला प्रतिसाद देणारी मज्जासंस्था सतत जागी असते. घरात काही बिघडले, म्हणजे त्या मांजराच्या दृष्टीने बिघडले, की मेंदूकडून निघालेल्या संदेशांनी मूत्राशयाच्या भिंतीला सूज येते, लघवीतले क्षार आतल्या नसांना झोंबतात, आणि वेदनेमुळे मांजर आणखी घाबरते. हा त्रास अडथळा नसल्यास बहुधा आठवडाभरात आपोआप ओसरतो, आणि कारण तसेच राहिले तर परत येतो. म्हणजे पहिल्या इंजेक्शनाने बारकी बरी झाली नव्हती. ती तशीही त्याच सुमारास बरी दिसली असती. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले, आणि त्यांच्या गटाने २००६ मध्ये ४६ मांजरांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुख्य उपचार औषधाचा नव्हता, तर घराची मांडणी, लपण्याच्या जागा, खाण्यापिण्याची आणि लघवीची सोय आणि माणसांचे वागणे बदलण्याचा होता, आणि बहुतेक मांजरांचा त्रास त्याने लक्षणीय कमी झाला. उदगीरच्या डॉक्टरांनीही सांधेदुखीचे औषध बारकीच्या वजनावर मोजून दिले आणि पुढचे काम माझ्यावर सोपवले. रोज कुठे, किती वाजता, किती लघवी झाली आणि त्या दिवशी घरात काय वेगळे घडले ते लिहून ठेवा, असे त्यांनी सांगितले.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, जिथे मी दुधाचा हिशेब लिहिते, तिथेच लाल पेनाने खुणा करायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "मांजर घरात मुतायली अन् तू लिहीत बसलीस." त्यांचा राग समजण्यासारखा होता. महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या, मुखवट्यांची पेटी त्याच खोलीत होती, आणि सोवळ्यातली एक साडी आधीच खराब झाली होती. पण त्या खुणा होत्या म्हणूनच पुढचे सगळे सुचले, आणि त्यातले सर्वांत महत्त्वाचे सासूबाईंना सुचले.

खुणांवरून आधी हे दिसले की दहापैकी आठ वेळा लघवी पहाटे चार ते सहाच्या दरम्यान झाली होती. दुसरे असे की जागा वेगवेगळ्या असल्या तरी वाकळ, साडी, वह्या यांतली प्रत्येक वस्तू मऊ किंवा शोषून घेणारी होती, आणि फक्त दुखणे वाढले असेल त्या दिवशी ती थंड गुळगुळीत फरशीवर बसत होती. तिसरी गोष्ट मी मागे जाऊन आठवली. हा त्रास सुरू होण्याच्या सहा आठवडे आधी, मे महिन्यात, आम्ही गाडी लावायला जागा व्हावी म्हणून अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले होते. कढीपत्त्याचे झाड राहिले, पण त्याच्या बुंध्याभोवती हातभर मातीही उरली नाही.

मी ती नोंद वाचून दाखवली तेव्हा सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नऊ वर्षं जिथं जायची ती जागाच बुजवली आपण. मग ती कुठं जाईल?" मी त्याआधी लिटर बॉक्स, म्हणजे मांजराने घरातच लघवी-शी करण्यासाठीचा दाणे भरलेला डबा, आणला होता. तो वरून झाकलेला, उंच कडेचा होता, आत लॅव्हेंडरच्या वासाचे दाणे होते, आणि तो मी धुण्याच्या मशीनजवळ ठेवला होता. बारकीने त्यात एकदा पाय ठेवला, आणि नेमके त्याच वेळी मशीन पिळण्याच्या फेरीला लागले. त्यानंतर ती त्या कोपऱ्याकडे फिरकली नाही. आज विचार करता त्या एका सोयीत जवळपास सर्व चुका एकत्र होत्या. कडा उंच असल्यामुळे तिचे मागचे पाय दुखत होते, झाकणामुळे बाहेर कोण उभे आहे ते तिला दिसत नव्हते आणि पळायला वाट एकच होती, वास तिच्या नाकाला असह्य होता, आणि आवाजाचा काही नेम नव्हता.

सासूबाईंच्या माहेरी, अहमदपूरकडच्या एका खेड्यात, पावसाळ्यात मांजरीसाठी पडवीत चुलीतल्या राखेचे टोपले ठेवत असत. त्यांनी पेव्हर बसवणाऱ्या मजुरांनी मागे सोडलेले घमेले धुऊन घेतले आणि मला शेतातली माती आणायला सांगितले. राखेचा प्रयोग आम्ही एक दिवस केला, पण तिचे पांढरे पाय घरभर उमटले आणि ती शिंकू लागली. नंतर मला वाचनात आले की मांजरासाठी मातीचे दाणे विकण्याची सुरुवातही अशाच तक्रारीतून झाली. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लो नावाच्या माणसाकडे त्याची शेजारीण राखेऐवजी वाळू मागायला आली, कारण राखेने मांजराचे पाय माखत होते. त्याने तिला वाळूऐवजी कारखान्यात तेल टिपण्यासाठी वापरली जाणारी माती दिली. ती माती म्हणजे आपल्याकडे चेहऱ्याला लावतात त्या मुलतानी मातीच्या जातीची. आज दुकानात मिळणारे गोळा होणारे दाणे बेंटोनाइटचे असतात, आणि बेंटोनाइटमधला मुख्य घटक, म्हणजे पाणी प्यायले की फुगणारी चिकणमाती, आपल्या काळ्या रानातही भरपूर असते. पावसात चपलेला किलोभर चिकटणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडणारी माती ती हीच. बारकीला नऊ वर्षे जी माती पायाखाली हवी होती ती दुकानातल्या बिनवासाच्या दाण्यांपासून फार दूर नव्हती, हे समजल्यावर काम सोपे झाले.

पहिल्या आठवड्यात घमेल्यात चाळून वाळवलेली काळी माती आणि बारीक वाळू अर्धी-अर्धी घातली. नुसती काळी माती ओली झाली की तिच्या पंजांना चिकटत होती. त्यानंतर दर दोन दिवसांनी मूठ-मूठ बेंटोनाइटचे बिनवासाचे दाणे मिसळत गेले आणि तीन आठवड्यांत पूर्ण बदल झाला. हा बदल एका दिवसात केला असता तर तिने तो स्वीकारला नसता, असे मला वाटते. घमेले तिला लहान पडत होते. लघवीची पेटी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या सुरुवातीपर्यंतच्या लांबीच्या दीडपट असावी असे सांगतात, म्हणून पुढे धान्य ठेवण्याची मोठी प्लास्टिकची पेटी घेतली आणि तिची एक बाजू चार बोटे उंच राहील अशी कापून कडा घासून घेतल्या. दाण्यांचा थर सुमारे दोन इंच ठेवला. मांजरांच्या संख्येपेक्षा एक पेटी जास्त असावी, हा नियम एकट्या मांजरालाही लागू होतो. म्हणून एक पेटी कोठीच्या खोलीत आणि दुसरी जिन्याखाली आहे. दोन्ही ठिकाणांहून तिला दोन वाटांनी बाहेर पडता येते, आणि दोन्ही तिच्या जेवणाच्या जागेपासून लांब आहेत. घाण दिवसातून दोन वेळा काढते. या एका गोष्टीत मी कधी आळस करत नाही, कारण आपल्यालाही घाण शौचालय वापरावेसे वाटत नाही.

तरी पहाटेची वेळ समजत नव्हती. शेवटी एका पहाटे मी चार वाजता उठून अंधारात बसले. पावणेपाचच्या सुमारास मागच्या दाराच्या जाळीबाहेर एक मोठा पिवळा बोका आला, त्याने दाराच्या चौकटीवर पिचकारी मारली आणि पायरीवरच्या वाडग्यातले दूध पिऊ लागला. आत बारकी जाळीपासून तीन हातांवर कान मागे पाडून बसली होती. तो गेल्यावर ती उठून सरळ दिवाणाकडे गेली. ते दूध सासूबाई रोज रात्री ठेवत होत्या. मुके जनावर उपाशी राहू नये या भावनेने त्या ते उन्हाळ्यापासून ठेवत होत्या, आणि आम्हा कोणालाच त्याचा संबंध लक्षात आला नव्हता. मी हे सांगताना फार संकोचले, पण त्यांनी त्याच दिवशी वाडगा उचलून गल्लीच्या टोकाला, पडक्या वाड्याच्या भिंतीपाशी नेऊन ठेवला, आणि दूध ठेवण्याची वेळ दुपारची केली. आम्ही जाळीच्या खालच्या अर्ध्या भागाला खाकी पुठ्ठा लावला आणि चौकट धुऊन काढली. पंधरा दिवसांत बोक्याने पहाटेची फेरी बदलली. त्याची नसबंदी करायची आहे, ते अजून जमलेले नाही.

धुण्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इथे आमच्या हातून धोका होता होता टळला. घरात वास आला की आपण फिनाईल ओततो. फिनॉल वर्गातली रसायने मांजराचे शरीर नीट बाहेर टाकू शकत नाही, आणि ते पुसलेल्या फरशीवरून चालून आपलेच पंजे चाटते, त्यामुळे ते विष थेट त्याच्या पोटात जाते. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचेही तसेच आहे. अमोनियाच्या वासाचे कोणतेही द्रव्य वापरले तर मांजराला तिथे लघवीचाच वास येतो आणि ते त्या जागी परत येते. ब्लीच लघवीवर ओतल्यास त्यातून निघणारा वायू माणसालाही बाधतो. मग करायचे काय, तर ताजी लघवी आधी जुन्या सुती कापडाने न घासता टिपून घ्यायची, नंतर एन्झाइम असलेली कपडे धुण्याची पावडर पाण्यात कालवून ती जागा भिजवून ठेवायची, साध्या पाण्याने धुवायची आणि पूर्ण वाळू द्यायची. लघवीतले काही घटक साध्या पाण्याने पूर्ण निघत नाहीत आणि हवेतल्या ओलाव्याने पुन्हा वास सोडतात. म्हणूनच आषाढ-श्रावणात घर धुऊनही घाण वास येत होता. जुने डाग सापडत नव्हते, तेव्हा यजमानांनी दुकानातून नोटा तपासायचा जांभळा दिवा आणला. रात्री सगळे दिवे मालवून तो फिरवला तर मला माहीत असलेल्या सहा जागांऐवजी अकरा जागा चमकल्या. वाकळ आम्ही टाकली नाही. ती सासूबाईंच्या आईने शिवलेली आहे. ती तीन वेळा पावडरीत भिजवली, चार दिवस कडक उन्हात ठेवली, आणि सहा महिने पेटीत बंद ठेवायची असे ठरवले.

पाण्याचा भाग लहान पण उपयोगी होता. मांजरांचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, त्यामुळे त्यांना तहान कमी लागते आणि त्यांची लघवी दाट असते. दाट लघवी सुजलेल्या मूत्राशयाला जास्त झोंबते. आम्ही तीन खोल्यांत तीन पसरट मातीच्या परळ ठेवल्या, कोरड्या दाण्यांत कोमट पाणी घालू लागलो, आणि बिनमिठाचा, कांदा-लसूण न घातलेला चिकनचा पातळ रस्सा दिवसातून एकदा देऊ लागलो. मांजरांना कांदा आणि लसूण विषारी असतात. शेजारून आणलेले रश्शाचे पाणी म्हणून चालत नाही.

महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांची मला सर्वांत जास्त धास्ती होती. आवाहनाच्या दिवसापासून विसर्जनापर्यंत घरात पंचवीस-तीस माणसे येतात, पाट आणि लोखंडी स्टँड हलतात, मुले धावतात, आरतीला झांजा वाजतात. मी कोठीची खोली आठ दिवस आधीच तिला देऊन टाकली. खोलीत पेटी, पाणी, खाणे, तिचा टॉवेल आणि दोन बाजूंनी भोके पाडलेले सफरचंदाचे खोके होते. रोज थोडा वेळ मी तिथे नुसती बसून पुस्तक वाचत असे, तिला हात लावत नसे. ऐन सणात ती जागा नवी असती तर ती कोठडी झाली असती. आठ दिवसांत ती तिची झाली होती. दारावर सासूबाईंनी स्वतः खडूने लिहिले की आत मांजर आहे, दार उघडू नये. नैवेद्याच्या दिवशी पाहुण्यांतल्या एका मुलाने ते उघडलेच, पण ती खोक्यातून बाहेर आली नाही. त्या तीन दिवसांत दिनदर्शिकेवर एकही लाल खूण नाही.

नंतर सगळे सरळ झाले असे मात्र नाही. सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीत रात्रभर पाऊस आणि कडकडाट चालला, जिन्याखाली पाणी शिरले आणि तिथली पेटी दोन दिवस उचलावी लागली. तिने पुन्हा दिवाण गाठला, आणि एकदा लघवीत रक्तही दिसले. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने दोन वेळा तसेच झाले. डॉक्टरांनी फोनवर सांगितले की त्रासाच्या फेऱ्यांमधले अंतर वाढते आहे ना, ते पाहा. अंतर वाढत होते. आधी त्रास आठवड्यातून तीनदा होत होता, मग पंधरवड्यातून एकदा, आणि दिवाळीनंतर सात आठवडे काही नाही. चिंता कमी करणारी औषधे आणि मांजराच्या गालातल्या गंधासारखा कृत्रिम गंध सोडणारी उपकरणेही असतात. आम्हाला त्यांची गरज पडली नाही. गरज पडलीच तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यायला मी कचरणार नाही.

या सगळ्यात सर्वांत अवघड गेले ते तिच्याशी काही न करणे. आजारी जनावराला आपण सारखे उचलतो, कुरवाळतो, डोळ्यांत डोळे घालून पाहतो. भित्र्या मांजराला तेच नको असते. आता ती स्वतः जवळ आली तरच मी हात पुढे करते, हनुवटीखाली दोन-तीन वेळा खाजवते आणि थांबते. ती डोके पुढे करते का, ते पाहते. रोजच्या वेळा आम्ही शक्य तितक्या एकसारख्या ठेवल्या आहेत. सकाळी साडेसहाला आणि रात्री आठला खाणे, मधे दुपारी दोरीला बांधलेल्या चिंधीशी पाच मिनिटे खेळ. सांधे दुखतात म्हणून उंच उड्या मारायला लावत नाही, चिंधी जमिनीवरूनच ओढते.

डिसेंबरमध्ये वेळा अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, घरातले सगळे शेतावर गेलो. ज्वारीच्या रानात कडब्याची कोप, आंबिल, भज्जी, उंडे, आणि संध्याकाळपर्यंत परतणे नाही. नऊ वर्षांत बारकी त्या दिवशी अंगणात मोकळी असायची. यंदा ती प्रथमच दिवसभर घरात एकटी होती. सासूबाई शेतात दोनदा म्हणाल्या, "तिचं काय चाललं असंल?" परतल्यावर त्या हातपाय धुण्याआधी दिवा घेऊन कोठीत गेल्या आणि तिथूनच मला हाक मारली. पेटीत दोन गोळे होते, दोन्ही नीट झाकलेले. वाकळ असलेल्या पेटीवर ती झोपली होती.

थंडीच्या पहाटे आता तिला दिवाणावरून उतरायला वेळ लागतो, म्हणून दोन विटांवर जुने गोणपाट घालून मी पायरी केली आहे. फेब्रुवारीत लघवी आणि रक्त पुन्हा तपासायला उदगीरला जायचे आहे. नव्या दिनदर्शिकेवर मी ती तारीख लिहिली आहे, आणि कढीपत्त्याच्या बुंध्याभोवतीचे चार ब्लॉक काढायला मिस्त्रीला सांगितले आहे.